उजवीकडचे आणि डावीकडचे



आज ख्रिस्तराजाचा सण. संध्याकाळी मिरवणुकीत आपण सारे त्याचा जयजयकार करू. त्या जयघोषाविषयीच आज थोडे बोलायचे आहे, पण सुरुवात फार दूरच्या एका मैदानापासून करावी लागेल.

आपल्या धर्मग्रामातला एक मुलगा बॉस्टनला नोकरीला आहे. ऑक्टोबरमध्ये तो घरी आला तेव्हा आम्हाला भेटायला आला आणि मोबाईलवर एक जुना सामना दाखवत बसला. सामना अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट. तो हातात धरून पळायचे, समोरच्याने झेप घेऊन पाडायचे. चेंडू पलीकडच्या टोकाच्या रेषेपार नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण. उंच खांबांमधून लाथेने उडवला की तीन. एवढे समजेपर्यंत आमचा चहा थंड झाला. मग त्याने विचारले, "फादर, ही दोन्ही कॉलेजे कॅथलिक आहेत. दोन्हीकडचे लोक प्रार्थना करतात, मेणबत्त्या लावतात. देवाने ऐकायचे तरी कोणाचे?" आणि हसून म्हणाला, "या सामन्याला लोक म्हणतातच होली वॉर. पवित्र युद्ध!"

देवाला सामने बघायला वेळ नसतो, असे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला.

त्या दोन संस्था कोणत्या ते सांगितले पाहिजे. एक नोत्र दाम विद्यापीठ, इंडियाना राज्यातले. १८४२ साली होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी ते सुरू केले आणि पवित्र मरियेचे नाव दिले. दुसरे बॉस्टन कॉलेज, १८६३ साली येशूसंघीयांनी काढलेले. ज्या संघाच्या फादर स्टीफन्सनी आपल्याला ख्रिस्तपुराण दिले, तोच हा संघ. आयर्लंडमधून पोटासाठी आलेल्या गरीब कॅथलिकांच्या मुलांना बॉस्टनमध्ये शिक्षण मिळावे म्हणून हे कॉलेज निघाले. नोत्र दामच्या संघालाही लोक 'फायटिंग आयरिश' म्हणतात. म्हणजे दोन्हीकडे एकच पूर्वज, एकच मिस्सा, एकच जपमाळ. फ्रँक लेही नावाचे नामवंत प्रशिक्षक तर आधी बॉस्टनचे होते, १९४१ साली नोत्र दामचे झाले. दोन्ही संघ प्रथम समोरासमोर आले १९७५ साली.

आम्ही पाहिलेला सामना २० नोव्हेंबर १९९३ चा, शनिवारचा. आदल्या वर्षी नोत्र दामने बॉस्टनला ५४–७ असे चिरडले होते. या वर्षी तर आठवड्यापूर्वीच देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या फ्लोरिडा स्टेटला हरवून नोत्र दाम स्वतः पहिल्या क्रमांकावर आले होते. मैदान त्यांचेच, एकोणसाठ हजार माणसे बसलेली. आणि बॉस्टन ३८–१७ ने पुढे! शेवटच्या सत्रात नोत्र दामने एकामागून एक तीन टचडाऊन केले. मिनिटभराचा खेळ उरला असताना ३९–३८. मोबाईलच्या त्या चिमुकल्या पडद्यावरही मैदान हादरताना दिसत होते. मग बॉस्टनचा संघ निघाला. नोत्र दामच्या एका खेळाडूच्या हातात त्यांचा चेंडू अलगद आला होता, तो निसटला. आणि वेळ संपता संपता डेव्हिड गॉर्डन नावाच्या पोराने ४१ यार्डांवरून लाथ मारली. बॉस्टन ४१, नोत्र दाम ३९. पहिला क्रमांक गेला, त्या वर्षीचे राष्ट्रीय अजिंक्यपदही गेले. ते मिळाले फ्लोरिडा स्टेटला, ज्यांना नोत्र दामने हरवले होते! आणि बॉस्टनचे काय, तर पुढच्याच सामन्यात ते वेस्ट व्हर्जिनियाकडून हरले.

खरे सांगायचे तर ती शेवटची लाथ बसली तेव्हा आम्हीही खुर्चीतून उठलो. आमचा त्या दोघांशी काय संबंध?

खेळाचा आनंद हे पाप नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळ-विनोदाविषयीही लिहिले आहे आणि त्यात संत योहानाची एक जुनी गोष्ट दिली आहे. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत होता, ते पाहून काही जणांना वाईट वाटले. त्यांच्यात एक तिरंदाज होता. योहानाने त्याला बाण मारायला लावले, पुन्हा पुन्हा मारायला लावले, आणि विचारले की असेच मारत राहता येईल का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानाने सांगितले. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला हे शिकवले तेव्हा आम्ही मुलांनी सरांकडे एक जादा सुटी मागितली होती. मिळाली नाही.

नोत्र दामच्या मैदानाजवळ ग्रंथालयाची उंच इमारत आहे. तिच्या भिंतीवर १९६४ सालचे १३४ फूट उंचीचे दगडी चित्र आहे: प्रभू येशू, भोवती प्रेषित आणि विद्वान, प्रभूचे दोन्ही हात वर. टचडाऊन झाला की पंचही असेच दोन्ही हात वर करतो. म्हणून चाहत्यांनी त्या चित्राचे नाव ठेवले 'टचडाऊन जीझस'. कोणाला ते खटकेल. आम्हाला खटकले नाही. वेदीवर आम्हीही रोज तसेच हात वर करतो. लोकांनी देवाला आपल्या आनंदात ओढले, एवढेच. त्याच आवारात लूर्द मातेची गुहा आहे, १८९६ ची. सामन्याच्या दिवशी तिथे मेणबत्त्यांची रांग लागते. अटीतटीच्या क्षणी देवाचे नाव घेऊन दूरवर फेकलेल्या चेंडूला तर तिकडे 'हेल मेरी' म्हणजे 'नमो मरिया' असेच म्हणतात, आणि तशा फेकीतली एक फार गाजलेली फेक बॉस्टन कॉलेजच्याच डग फ्लूटीची, १९८४ सालची. १९९७ साली नोत्र दामचे मैदान मोठे केले, हजारो जागा वाढल्या, आणि आतून ते प्रभूचे चित्र आधीसारखे मोकळे दिसेनासे झाले. हेही जाता जाता लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर त्या मुलाच्या प्रश्नाला पुन्हा बगल दिल्यासारखे होईल. गर्दीत माणसाचे काय होते, हे संत अगस्टीनने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. त्याचा मित्र अलीपियस रोमला शिकत होता. तलवारबाजांच्या रक्तरंजित खेळांची त्याला घृणा होती. मित्रांनी ओढून नेले तेव्हा तो डोळे घट्ट मिटून बसला. अगस्टीन म्हणतो, कानही बंद केले असते तर बरे झाले असते! कोणी तरी पडले, गर्दी गर्जली, याने डोळे उघडले. उघडले ते उघडलेच. आला तेव्हा तो एक माणूस होता, आता गर्दीतला एक झाला. ओरडू लागला आणि पुढे स्वतःच इतरांना घेऊन येऊ लागला. (हाच अलीपियस नंतर बिशप झाला, हे तरुणांच्या आईवडिलांसाठी सांगून ठेवतो.)

गर्दीला इतकी ताकद कुठून येते? नोत्र दामच्या बाबतीत उत्तर इतिहासात आहे, आणि ते आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाला चटकन कळेल. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत कॅथलिकांना परके समजत. कू क्लक्स क्लान ही संघटना काळ्या लोकांइतकाच ज्यूंचा आणि कॅथलिकांचाही द्वेष करी. मे १९२४ मध्ये क्लानवाले नोत्र दामच्या शेजारच्या साउथ बेंड गावात मेळाव्यासाठी जमले. विद्यार्थी त्यांच्यावर धावून गेले, पांढरे झगे फाडले. शेवटी विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी मुलांना शांत करून परत नेले. पुढल्या १ जानेवारीला, १९२५ साली, त्याच नोत्र दामच्या संघाने कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला २७–१० ने हरवले. ज्यांनी कॉलेजची पायरीही चढली नव्हती असे आयरिश, इटालियन, पोलिश मजूर या संघाला आपला म्हणू लागले. शनिवारी संघ जिंकला की सोमवारी कारखान्यात मान वर करून जाता येई. अपमान गिळलेल्या माणसांचा तो जयघोष होता. त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढे अपमान संपला. कॅथलिक माणूस अध्यक्ष झाला, कॅथलिक कॉलेजे श्रीमंत झाली. पण घोषणेला समोर कोणीतरी लागतेच. बाहेरचा शत्रू उरला नाही तेव्हा तिने घरातलाच भाऊ शोधला, आणि त्या खेळाला नाव पडले पवित्र युद्ध. चाहते ते नाव थट्टेनेच घेतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण थट्टा कुठे संपते ही रेषा मैदानावर चुन्याने आखलेली नसते.

आता तारखेकडे पाहा. तो सामना झाला शनिवारी, २० नोव्हेंबर १९९३ ला. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि तो होता ख्रिस्तराजाचा सण, उपासनेचे 'अ' वर्ष. म्हणजे हरलेल्या साउथ बेंडमध्ये आणि जिंकलेल्या बॉस्टनमध्ये त्या सकाळी एकच शुभवर्तमान वाचले गेले, आज आपण ऐकले तेच: मत्तयाचा पंचविसावा अध्याय. राजा येतो आणि मेंढरे उजवीकडे, शेरडे डावीकडे, असे दोन संघ करतो. रात्रभर जागलेले, घसे बसलेले लोक बाकांवर बसून ते ऐकत असतील.

त्या दृष्टांतातली एक गोष्ट आपण दर वेळी ऐकतो आणि सोडून देतो. उजवीकडचे विचारतात, प्रभो, आम्ही तुला कधी पाहिले? डावीकडचेही अगदी तेच विचारतात. आपण कोणत्या बाजूला आहोत हे दोघांपैकी कोणालाच आधी माहीत नव्हते! कोणाच्या अंगावर रंग नव्हता, हातात झेंडा नव्हता. बाजू ठरवणारा राजा आहे, आणि तो ती ठरवतो भुकेल्याकडे, आजाऱ्याकडे, परक्याकडे कोण गेले यावरून. तो स्वतः त्यांच्यातच बसला होता. पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली हा सण सुरू केला तेव्हा महायुद्ध संपून सात वर्षे झाली होती. त्या युद्धात ख्रिस्ती राष्ट्रांनीच एकमेकांची मुले मारली होती, आणि दोन्हीकडच्या चर्चमध्ये विजयासाठी मेणबत्त्या लागल्या होत्या. बॉस्टनच्या मुलाचा प्रश्न तेव्हाही होताच. आमच्या समजुतीप्रमाणे देव दोन्हीकडचे ऐकतो. फक्त तो बसलेला असतो ते आपण बघत नसतो त्या बाकावर.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आपल्या युवक मंडळाने शेजारच्या धर्मग्रामाला अंतिम सामन्यात हरवले, पेनल्टीवर. रविवारी मिस्साच्या शेवटी सूचना वाचताना आम्ही वेदीवरूनच निकाल सांगितला. टाळ्या पडल्या, मागून शिट्टी आली. त्या भरात त्यांच्या गोलरक्षकाविषयी आम्ही एक विनोद केला. चर्चभर हशा झाला. तो मुलगा शेवटच्या बाकावर बसला होता. त्याचे आजोळ आपल्या धर्मग्रामात आहे. ती मिस्सा त्याच्या आजोबांच्या महिन्याची होती. सुरुवातीला त्यांचे नाव आम्हीच वाचले होते. शेवटचे गीत सुरू होण्याआधी तो उठून गेला, असे आम्हाला नंतर कळले.

सणाची तयारी आहे, अशी सबब सांगून आम्ही त्या घरी जायचे टाळले. गेल्या मंगळवारी गेलो. मुलगा आपल्या घरी होता, आजी एकटीच होती. तिला सामन्याचे काही ठाऊक नव्हते. चहा ठेवता ठेवता तिने विचारले, "फादर, ह्यांच्या मिस्साला त्या दिवशी लोक टाळ्या कशाला वाजवत होते?"

आम्ही सांगितले, सगळे. तिने ऐकून घेतले आणि कप पुढे केला.

मुलाला भेटायचे अजून राहिले आहे. आज मिरवणूक साडेचारला निघेल आणि यंदा मुख्य रस्त्याने न जाता मागच्या आळीतून, त्या घरावरून जाईल. त्या वळणावर बँड थांबेल, घोषणाही थांबतील. सर्वांनी कृपया लक्षात ठेवावे.