जन्मासोबत आलेलं

महाडच्या चवदार तळ्याच्या पायरीवर एक तरुण बसलाय. दोन बोटं मनगटावर, नजर पाण्यावर. मित्र रायगड पायऱ्यांनी चढायला निघालेत. तो हिरकणीवाडीहून रोपवेने जाणार. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार त्याला वडिलांकडून आलाय. आई-वडिलांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता बहुधा निम्मी. लक्षणं नसतानाही तो आत असू शकतो. म्हणून घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर भावंडांनी ईसीजी आणि टूडी इको करून घ्यावा.

घरात मात्र धास्ती वेगळीच असते: कळलं तर बहिणीला स्थळं यायची नाहीत! मला हे लपवणंच जीवघेणं वाटतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी याच तळ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. जन्मावरून माथी मारलेली हीनता त्या दिवशी हजारोंनी झुगारली. ती लढाई फार मोठी, तिची बरोबरी नाही. पण जन्मासोबत आलेल्या आजाराची लाज आपण का धरावी?

तरुणाने फोन काढलाय. "ताई, सोमवारी इकोला जायचंय. मी येतो सोबत."