होल्डवर ठेवलं कोणी?

मुलाकडच्यांचा निरोप येतो, स्थळ सध्या होल्डवर आहे. मुलाखत छान होते आणि मग कळतं, भरतीच होल्डवर आहे. सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइल तर तिथे कायमचीच मुक्कामाला. हा शब्द आता मराठीत इतका मुरलाय की आजीसुद्धा ‘होल्ड कर गं जरा’ म्हणते. पण या वाक्यांत एक गोष्ट हटकून गायब असते, ती म्हणजे कर्ता. स्थळ होल्डवर ‘आहे’. ठेवलं कोणी?

इंग्रजीत हा शब्द असा निनावी नव्हता. जुन्या इंग्रजीत त्यात धरणं होतं, तसंच राखणं, सांभाळणं, नजर ठेवणंही होतं. मूळ अर्थ गुरं राखण्याचा असावा, असा व्युत्पत्तीच्या अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे होल्ड करणारा तो गुराखी. गाय हरवली तर जाब त्याला.

पुढे शब्द गुरांवरून जमिनीवर गेला. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. सगळी जमीन अखेर राजाची ठरली, बाकीच्यांनी ती फक्त ‘धरायची’. कोणाकडून धरली आणि बदल्यात काय द्यायचं, लढाईला माणसं की धन्याच्या शेतात राबणं, हेही ठरलेलं. 1086 च्या ‘डूम्सडे बुक’मध्ये जमीन कोण धरतो आणि कोणाकडून, याच्या नोंदी आहेत. कायद्याच्या भाषेत इंग्लंडमधली जमीन आजही राजसत्तेकडूनच धरलेली असते. नवी मुंबईत घर घेताना आपण ‘लीजहोल्ड की फ्रीहोल्ड’ विचारतो, ते शब्द तिथूनच आलेत. (‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, हे नवी मुंबईतले भाव ऐकले की आपोआप कळतं.)

खरी उलथापालथ केली ती टेलिफोनने. जुन्या फोनला कानाशी धरायचा भाग वेगळा असे आणि तो आकड्यावर अडकवला की लाइन तुटे. म्हणून एक्स्चेंजमधली बाई सांगे, ‘होल्ड द लाइन’. अडकवू नका, हातात धरून थांबा. धरणारे आपण होतो. कंटाळा आला तर ठेवून देणारेही आपणच. मग कार्यालयांतल्या फोनला होल्डचं बटण आलं. पलीकडच्याने ते दाबलं की आपण धरले गेलो. शब्द तोच राहिला, कर्त्याचं मात्र कर्म झालं. त्यावर संगीताचा शिडकावा अमेरिकेतल्या आल्फ्रेड लेव्ही या कारखानदाराने केला. त्याच्या कारखान्यात फोनची एक सुटी तार लोखंडी तुळईला टेकली आणि शेजारच्या रेडिओ केंद्राचं प्रसारण ताटकळणाऱ्यांच्या कानी पडू लागलं. त्याने 1962 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1966 मध्ये ते मिळालंही. आपला कॉल महत्त्वाचा असल्याचं सांगत जी धून वाजते, तिची वंशावळ त्या तारेपर्यंत जाते.

होल्डवर ठेवणारा अदृश्य झाला की काय होतं, हे अमेरिकेच्या सिनेटमध्ये लख्ख दिसलं. तिथे एखादा सदस्य आपल्या पक्षनेत्याला नुसतं कळवून विधेयक किंवा नेमणूक रोखू शकतो. या प्रथेचं नावच ‘होल्ड’. कित्येक वर्षं हे गुपचूप चाले. नेमणूक अडकलेल्या माणसाला आपल्याला कोणी अडकवलंय, ते कळतच नसे. रॉन वायडन आणि चक ग्रासली या दोन वेगळ्या पक्षांच्या सदस्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडा केला. अखेर 2011 मध्ये सिनेटने गुप्त होल्डविरुद्ध 92 विरुद्ध 4 मतांनी ठराव केला. त्यांनी होल्ड बंद केला नाही, फक्त त्याखाली नाव लिहायला लावलं. 2023 मध्ये सिनेट सदस्य टॉमी ट्युबरव्हिल यांनी चारशेहून अधिक लष्करी अधिकाऱ्यांच्या बढत्या महिनोन् महिने रोखल्या, पण रोखणारा कोण हे साऱ्या देशाला ठाऊक होतं. टीका त्यांच्यावर झाली, दबावही त्यांच्यावरच आला आणि डिसेंबरमध्ये बहुतेक बढत्या त्यांनी मोकळ्या केल्या.

आपल्याकडे कारकून ‘वरून होल्ड आहे’ म्हणतो आणि आपण ‘बरं’ म्हणून जिना उतरतो. ‘वरून’ नावाचा अधिकारी कुठल्याही कार्यालयाच्या पाटीवर सापडत नाही. थांबवायला कारण असू शकतं, कधी ते रास्तही असतं. पण जो थांबवतो त्याने गुराख्यासारखं उभं राहून जाब द्यावा, एवढी अपेक्षा जास्त नाही. तेव्हा पुढच्या वेळी दोनच प्रश्न विचारा: कोणी थांबवलंय आणि कुठल्या तारखेपर्यंत? तोंडी उत्तर मिळालं नाही आणि कार्यालय सरकारी असेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. फाइल कोणाच्या टेबलावर आहे आणि कधीपासून, हे त्यात विचारता येतं. उत्तर द्यायची मुदत तीस दिवसांची आहे.