हिशेबाचा दिवस कोणी ठरवावा?

कारभाऱ्याने धन्याला हिशेब द्यावा, हे कोणीही मान्य करील. प्रश्न निराळाच आहे. हिशेब तयार आहे, परंतु तो उघडण्याचा दिवस कारभाऱ्यानेच ठरवावयाचा असेल, तर त्या हिशेबाची किंमत किती?

राज्यघटनेच्या १५१ व्या अनुच्छेदानुसार नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे राज्यविषयक अहवाल राज्यपालांकडे जातात व ते विधिमंडळापुढे ठेवले जावेत, असे बंधन आहे. मात्र किती दिवसांत, हे तेथे लिहिलेले नाही. पटलावर येईपर्यंत अहवाल जनतेला वाचता येत नाही. याच फटीत सरकारे वावरतात. दिल्लीत असे चौदा अहवाल अडून राहिले. जानेवारी २०२५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने या विलंबाबद्दल नापसंती दर्शविली, तरी विशेष बैठक बोलाविण्याचा आदेश दिला नाही. सत्तांतरानंतर फेब्रुवारीत अहवाल सभागृहात येऊ लागले.

सातारा-सांगलीकरांना हा विषय दूरचा वाटू नये. कृष्णेच्या पाण्यातील महाराष्ट्राचा वाटा वापरात आणण्यासाठी १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले व त्याने रोखे विकून लोकांकडून पैसा उभारला. म्हैसाळ, टेंभू ही नावे जत-आटपाडीच्या शेतकऱ्याने पाणी येण्याच्या कितीतरी वर्षे आधी ऐकली. राज्यातील सिंचन प्रकल्पांच्या व्यवस्थापनावरील महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात आला तो जून २०१४ मध्ये. अहवाल म्हणजे निकालपत्र नव्हे. खात्याला उत्तराची संधी असते, पुढे लोकलेखा समिती छाननी करते. परंतु अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी अहवाल मांडण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिच्यात चर्चेला वेळच उरत नाही.

खोटे बोलणे आणि खरे वेळेवर न सांगणे यांत नीतिशास्त्र भेद करते, व तो योग्यच आहे. प्रत्येक मौन असत्य नसते. प्रायश्चित्त संस्कारातील मौन तर आम्हां धर्मगुरूंवर बंधनकारकच आहे. पण ते मौन दुसऱ्याच्या गुपितासाठी पाळावयाचे. सरकारी तिजोरीत गुपित कोणाचे? पैसा ज्याचा, त्याच्यापासूनच तो लपवावयाचा, याला मौन म्हणणे आम्हांस अवघड वाटते. निवडणूक उलटल्यावर आलेला अहवाल खरा असेलही; ज्या मतदाराला त्याचा उपयोग होता, तो तोवर मत देऊन घरी परतलेला असतो.

(धर्मसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेतील १२८७ वा नियमही भाविकांनी अर्पण केलेल्या धनाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे सांगतो. तेव्हा आम्ही हे केवळ मंत्र्यांनाच ऐकवीत आहोत, असे कोणी समजू नये.)

आमदार मते मागावयास येतील तेव्हा रस्त्या-पाण्याबरोबर एवढेही विचारावे: अहवाल सभागृहात ठेवण्यास कायद्याने मुदत घालावयास आपण तयार आहात काय?