शहाणी कोणास म्हणावे?

मराठी भाषेतील ‘शहाणी’ हा शब्द मोठा विचित्र आहे. चार वर्षांच्या मुलीस आपण कौतुकाने ‘शहाणी गं माझी बाय’ म्हणतो, तेव्हा तिने सांगितलेले ऐकले, हट्ट केला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. तीच मुलगी वीस वर्षांनी सून होऊन येते, घरावरील कर्जाविषयी एखादा नेमका प्रश्न विचारते, आणि तिला उत्तर मिळते, ‘फार शहाणी आहेस!’ शब्द तोच; परंतु पहिल्या वेळी ती शाबासकी होती, दुसऱ्या वेळी चपराक. पुरुषाची गोष्ट निराळी. गावात तंटा पडला म्हणजे ‘चार शहाण्या माणसांस विचारा’ असे आपण म्हणतो, आणि ती चार माणसे कोण हे कोणास सांगावे लागत नाही. ती बहुधा पुरुषच असतात.

या एका शब्दाच्या दोन अर्थांत आमच्या आजच्या विषयाचे मूळ आहे. समाज स्त्रीच्या रूपास, बुद्धीस आणि विद्येस मान देतो खरा. पण तो मान कशाकरिता, आणि कोठपर्यंत?

स्त्रियांच्या विद्येविषयी लोकमत पालटले आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलगी अक्षर शिकली तर तिचा नवरा मरतो, असे मानणारे लोक घरोघर होते. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे त्यांनी मुलींस शिकविले. त्यांसही पालकांची मनधरणी करीत दारोदार फिरावे लागले असेल, यात नवल नाही. १९५१ च्या जनगणनेत साऱ्या भारतातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा नऊसुद्धा नव्हते. २०११ च्या जनगणनेत ते शेकडा चौसष्टांच्या वर गेले. ज्या गावात मुलगी शिकली तर विधवा होईल असे म्हणत, त्याच गावात आज मुलगी शिकली नाही तर तिला स्थळ मिळणार नाही असे म्हणतात. हा पालट लहान नव्हे.

परंतु वाचकहो, ही दोन वाक्ये जवळजवळ ठेवून पाहा. पहिल्यात नवऱ्याची भीती आहे, दुसऱ्यात नवऱ्याची आशा. विद्या मुलीची, पण तिचा हिशेब दोन्ही ठिकाणी नवऱ्याच्या खात्यावर मांडला आहे. पूर्वी विद्या हा मुलीतील दोष होता, आता तो गुण झाला. पण गुणदोषांची यादी करणारा जो होता, तोच आजही आहे. वर्तमानपत्रांतील वधू-वरांच्या जाहिराती वाचाव्या. ‘गोरी, सडपातळ, सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष’ असे शब्द एका ओळीत येतात. कांतीचा रंग, शरीराचा बांधा आणि विद्यापीठाची पदवी ही एकाच तागडीत घातलेली असतात. पदवी हा जणू दुसरा गोरेपणा झाला आहे.

गोरेपणाचे वेड तर विद्येबरोबर ओसरले नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले. त्याच १९७५ साली आपल्या देशात ‘फेअर अँड लव्हली’ नावाचे, कांती उजळ करण्याचे अभिवचन देणारे मलम विक्रीस आले. ते गावोगावच्या किराणा दुकानांत पोहोचले. २०२० साली त्याच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढून टाकण्यात आला. नाव बदलले, पण बाळंतिणीच्या खाटेशी उभे राहून ‘रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ असे म्हणण्याची आपली रीत बदलली काय? त्या वाक्यातील ‘पण’ हा शब्द त्या बालिकेच्या वाट्यास तिच्या पहिल्या दिवशी येतो, आणि पुष्कळदा तिच्या विवाहापर्यंत तिची पाठ सोडीत नाही.

सौंदर्य ही वाईट वस्तू आहे असे आम्ही म्हणत नाही. पहाटेचे आकाश, ज्वारीचे भरले शेत, हसरा चेहरा यांनी मन प्रसन्न व्हावे हे योग्यच आहे. आणि मुलीने केस विंचरून, फूल माळून आरशात पाहिले तर त्यात रागावण्यासारखे काही नाही. दोष सौंदर्य पाहण्यात नाही. सौंदर्य हे माणसाचे माप मानण्यात आहे. जे तिने मिळविले नाही त्याबद्दल तिला मान द्यावयाचा, आणि जे तिने गमावले नाही त्याबद्दल तिला दंड करावयाचा, हा न्याय नव्हे.

आता रूप आणि बुद्धी यांतील मोठा भेद ध्यानात घ्यावा. रूप पाहणाऱ्याला कधी उलट उत्तर देत नाही. ते आवडले तर पाहावे, न आवडले तर तोंड फिरवावे. पाहणारा होता तसाच राहतो. बुद्धीचे तसे नाही. बुद्धी प्रश्न विचारते, हिशेब तपासते, ‘हे खरे नाही’ असे म्हणते. ती ज्याच्यासमोर येते त्यालाच आपले मत पुन्हा तपासावे लागते. म्हणून जो समाज स्त्रीला पाहण्याची वस्तू समजत आला, त्यास तिच्या रूपाचे कौतुक सोपे जाते, पदवीचे कौतुकही सोपे जाते, कारण पदवीचा कागद चौकटीत घालून भिंतीवर लावता येतो. बुद्धी भिंतीवर लावता येत नाही.

याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १८८७ च्या २६ फेब्रुवारीस डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. त्यांनी १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी घेतली होती, आणि वयाची बावीस वर्षेही त्यांस पुरी झाली नव्हती. जाताना त्यांस निंदा सोसावी लागली होती. परत आल्यावर मात्र त्यांचे कौतुक झाले आणि त्यांच्या मृत्यूने महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर आठवडाभरातच, मार्चच्या आरंभी, मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंच्या खटल्यात निकाल दिला. बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे, असा तो हुकूम होता. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. त्याही शिकलेल्या होत्या. बालविवाहाविषयी त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात लिहिलेली पत्रे गाजली होती. परंतु त्यांच्या वाट्यास कौतुक आले नाही. ‘केसरी’सारख्या वजनदार पत्राने त्यांच्या विरुद्ध लिहिले, आणि मुलींस शिकविल्याचे हे फळ, असे पुष्कळांनी म्हटले.

दोघी एकाच पिढीच्या, एकाच भाषेच्या, दोघीही विदुषी. मग एकीस मान व दुसरीस शिव्या का? आनंदीबाईंची हिंमत त्यांची स्वतःची होती, यात शंका नाही. पहिले अपत्य दहा दिवसांचे होऊन गेल्यावर आपण डॉक्टर व्हावे असा त्यांचा निश्चय झाला होता. तथापि त्यांच्या शिक्षणाचा आग्रह त्यांच्या पतीने धरला होता, आणि लोकांच्या डोळ्यांस ती विद्या पतीच्या इच्छेची फलश्रुती म्हणून दिसली. रखमाबाईंनी आपली बुद्धी स्वतःच्या जन्माचा निर्णय करण्यास लावली. विद्या दोघींची सारखीच होती; ती कोणाच्या इच्छेने चालते, एवढाच फरक होता. पुढे १८८८ साली तडजोड होऊन रखमाबाई सुटल्या, इंग्लंडात जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. ज्या हट्टाबद्दल त्यांस दोष दिला, तो हट्ट नसता तर ही सेवाही झाली नसती.

बुद्धी आणि विद्या यांस एकच समजणे ही आणखी एक चूक होय. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितावाचता येत नव्हते. शेतात व जात्यावर त्यांनी रचलेली कविता त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने निघाली आणि पदवीधरांस शहाणपण शिकविती झाली. लक्ष्मीबाई टिळकांनी कोणत्याही कॉलेजाचे तोंड पाहिले नव्हते. पण पतीने अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्ण केले, आणि त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आजही मराठीतील पहिल्या प्रतीच्या पुस्तकांत गणली जातात. आपल्या गावातही अशा बाया आहेत. कोणत्या महिन्यात धान्य कमी पडेल, कोणत्या सावकाराचे व्याज खोटे आहे, कोणत्या पोराचा ताप साधा नाही, हे त्या कोणाच्याही आधी ओळखतात. त्यांच्याजवळ दाखला नाही, म्हणून त्यांचे कोणी विचारीत नाही; आणि ज्यांच्याजवळ दाखला आहे त्यांचेही विचारीत नाहीत. यावरून अडचण दाखल्याची नव्हती, हे उघड होते.

येथे एखादा बाप आम्हांस म्हणेल, ‘तुमचे म्हणणे खरे, पण माझी अडचण ऐका. मुलगी बारावी झाली. पुढे शिकविली तर तिच्याहून अधिक शिकलेला मुलगा पाहावा लागेल. तो जितका शिकलेला, तितकी त्याची मागणी मोठी. शिक्षणाचा खर्च मी करावा आणि त्यापायी हुंडाही वाढावा काय?’ या बापास आम्ही हसणार नाही. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे व घेणे दोन्ही गुन्हे ठरले आहेत, एवढे सांगून त्याचे दुःख हलके होत नाही, कारण मागणारे दुसऱ्या नावाने मागतात. तरी आम्ही त्यास इतके विचारू, की तिने आपल्याहून अधिक शिकलेलाच वर केला पाहिजे हा नियम कोणी केला? बायकोची बुद्धी नवऱ्याच्या बुद्धीहून उंच दिसू नये, या एका अभिमानाची किंमत मुलीचा बाप पैशात भरीत आहे, आणि मुलगी शाळा सोडून भरीत आहे. तो अभिमान वराच्या घरातून निघाला, तर निम्मी मागणी आपोआप नाहीशी होईल.

दुसरा कोणी म्हणेल, ‘घरात दोन मते झाली तर घर मोडेल.’ आमचा अनुभव उलट आहे. जेथे एकाच्याच मताने सर्व चालते, तेथे घरातील दुसरे माणूस काहीच पाहत नाही असे नाही. ते पाहते आणि गप्प राहते. कर्जाचा कागद सहीपूर्वी तिने वाचला असता तर जे शेत वाचले असते, ते तिच्या गप्प राहण्याने जाते. मतभेदाने घरात दोन घटका गडबड होते; पण मौनाने घराचा घात होतो.

तेव्हा स्त्रीच्या बुद्धीस मान देणे म्हणजे काय, याची आम्ही एक साधी कसोटी सांगतो. तिच्या बोलण्याने आपला निर्णय बदलण्याची आपली तयारी आहे काय? असेल तर मान आहे. नसेल तर ती केवळ स्तुती आहे. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. परंतु सरपंच बाई खुर्चीवर बसल्या असून बोलणे त्यांचे यजमान करतात, आणि लोक त्यांसच ‘सरपंच’ म्हणून हाक मारतात, हे दृश्य कोणी पाहिले नाही? कायद्याने तिला खुर्ची दिली. कान देणे हे कायद्याच्या हाती नाही. तसेच वारसाचे. ख्रिस्ती कुटुंबांस लागू असलेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या मिळकतीत मुलास व मुलीस सारखाच वाटा देतो. तरी ‘भावाच्या नावे सोडून दे, शहाणी ना तू?’ असे म्हणून बहिणीची सही घेणारे आपल्यातही आहेत. पाहा, तेथे पुन्हा तो शब्द आला, आणि पुन्हा त्याच जुन्या अर्थाने!

लग्नविधीच्या वेळी नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीचे वर्णन आपण पुष्कळदा ऐकतो. तिचे कष्ट व पहाटेचे उठणे आपल्या चांगले लक्षात राहते. परंतु ती स्वतः विचार करून शेत विकत घेते, हेही त्याच अध्यायात आहे. ते मात्र आपण ऐकून विसरतो.

म्हणून आमची विनंती आहे. पुढल्या वेळी आपल्या घरी मुलगी पाहावयास मंडळी येतील, तेव्हा ‘किती शिकली?’ या प्रश्नापुढे थांबू नये. ‘हिचे म्हणणे काय आहे?’ असे सर्वांसमक्ष विचारावे, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर तो शब्द शेवटचा मानावा. वराकडील असाल तर आपल्या मुलासही तोच प्रश्न करावा, की हिने तुझी चूक दाखविली तर तू काय करशील? नवजात मुलीस पाहून रंगाचा उच्चार करू नये. मंडळीच्या पैशांचा हिशेब वाचला जातो त्या दिवशी भगिनींनी मागच्या सतरंजीवरून विचारलेल्या प्रश्नास पुढच्या बाकावरील प्रश्नाइतकेच पुरे उत्तर द्यावे. यांपैकी कशासही पैसा लागत नाही.

आणि आपल्या लेकीस ‘शहाणी’ म्हणावयाचे असेल, तर तिने ऐकले म्हणून म्हणू नये. तिने नीट विचार करून आपल्याला अडविले, त्या दिवशी म्हणावे.