हरलेल्या शत्रूचे काय करायचे?



तुमच्यापैकी जे आज चाळिशीत आहेत, त्यांना ‘टीव्ही गेम’ नक्की आठवत असेल. 1990 नंतरच्या त्या वर्षांत ज्याच्या घरी टीव्ही गेम, त्याच्या घरी सुट्टीभर गल्लीतली सगळी पोरे. निन्टेंडो या जपानी कंपनीने 1983 साली काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या त्या नकला होत्या, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. त्यात खोचायची ती ‘कॅसेट’. कॅसेटवर हजारो गेम असल्याचा आकडा छापलेला असे; लावून पाहिले की तेच दहा-बारा गेम पुन्हा पुन्हा निघत. चित्र उमटले नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची आणि परत खोचायची. खरे तर ती फुंकरीने चालत नसे, दुसऱ्यांदा नीट बसल्यामुळे चालत असे. पण फुंकर मारल्याशिवाय आमचे समाधान होत नसे.

आम्ही बारामतीत राहत होतो. काकांचे घर इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या काठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिकडे जायचो ते कालव्यात डुंबायला आणि टीव्ही गेम खेळायला. माझा चुलत भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणतो. त्याच्याकडे बॅटमॅनची कॅसेट होती. सनसॉफ्ट कंपनीने 1989 साली, त्याच वर्षीच्या बॅटमॅन चित्रपटावरून काढलेला तो गेम. फार अवघड. दोन भिंतींच्या मध्ये एकीवरून दुसरीवर उड्या मारत वर चढावे लागे. ते मला जमत नव्हते. दादाने माझा अंगठा आपल्या अंगठ्याखाली धरून बटण केव्हा दाबायचे ते शिकवले.

त्या गेमचा शेवटचा टप्पा एका कॅथेड्रलमध्ये होता. पुण्याचे सेंट पॅट्रिक कॅथेड्रल आपण पाहिले आहे. बिशपांचे चर्च म्हणजे प्रार्थनेची जागा. गेममधल्या कॅथेड्रलमध्ये मात्र नुसती दातेरी चाके फिरत होती, आणि घंटेच्या मनोऱ्यावर जोकर वाट पाहत होता. गेम मध्येच थांबवून नंतर तिथून पुढे खेळण्याची सोय नव्हती. आम्ही मनोऱ्यापर्यंत पोचायचो आणि लाइट जायची. लाइट परत आली की दादा म्हणायचा, “चल, पहिल्यापासून.”

एका दुपारी लाइट टिकली. दादाने जोकरला हरवले. त्यानंतर पडद्यावर एक छोटे दृश्य आले. बॅटमॅनने हरलेल्या जोकरला धरले आणि मनोऱ्यावरून खाली फेकून दिले. आम्ही दोघे खाटेवर उभे राहून ओरडलो. काकू स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटले कोणी पडले.

हे सगळे आज सांगण्याचे कारण वेगळे आहे.

दादाचे आणि माझे चार वर्षे बोलणे नाही. काका गेले, माझे वडील गेले, आणि जमिनीचा सातबारा सामाईक राहिला. आमच्या तुकड्याकडे जायची वाट दादाच्या रानातून जाते. एका हंगामात ऊसतोड आली तेव्हा त्याने ती वाट अडवली. तोडलेला ऊस फडात पडून वाळला, वजन घटले. त्याचेही म्हणणे होते. माझ्या वडिलांनी त्याच्या वडिलांना पाण्याच्या पाळीवरून कसे छळले, ते त्याने त्या दिवशी चारचौघांत सुनावले. कालव्याच्या शेवटाकडे ज्यांची शेती आहे, त्यांना पाण्याची पाळी चुकणे म्हणजे काय, ते सांगायला नको.

यंदा दादाला पाइपलाइनसाठी कर्ज काढायचे होते. सातबारा सामाईक असल्यामुळे माझे संमतीपत्र लागणार होते. त्याने स्वतः न येता एका नातेवाइकाच्या हाती कागद पाठवला. मी तो कपाटाच्या खणात ठेवला. लोक म्हणाले, “आता सापडलाय, सोडू नको.” मी काही बोललो नाही, पण मला ते ऐकायला बरे वाटले. कागद खणात दोन महिने राहिला. सणाच्या मिस्साला दादा दोन बाकांपुढे बसला होता. एकमेकांना शांती द्यायची वेळ आली तेव्हा मी दुसऱ्याच बाजूला वळून हात जोडले.

त्याच सुमारास एका मित्राने माझ्या मुलाला जुने गेम भरलेले, हाताच्या पंजात मावणारे यंत्र दिले. त्यात तो बॅटमॅन निघाला. मला केवढा आनंद झाला! भिंतीवरून उडी मारायची ती बोटांची सवय अजून जिवंत होती. मी मुलाचा अंगठा माझ्या अंगठ्याखाली धरला. तीन रविवार आम्ही खेळलो आणि शेवटी जोकर हरला. पडद्यावर तेच दृश्य आले. मी ओरडायच्या बेतात होतो, तेवढ्यात मुलगा म्हणाला,

“पप्पा, जोकर तर आधीच हरला होता ना? मग खाली फेकलं कशाला?”

मी म्हणालो, “अरे, गेम आहे तो.” पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

गेम आहे, हे उत्तर खोटे नाही. पडद्यावरच्या ठिपक्यांना जीव नसतो. ते दृश्य पाहून ओरडलेली दोन मुले क्रूर नव्हती आणि त्या गेममुळे आमचे भांडण झाले असेही नाही. आपल्या मुलांच्या हातातले प्रत्येक खेळणे वाईट, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. तरीही एक गोष्ट मला पहिल्यांदाच दिसली. जोकर हरेपर्यंतची लढाई गरजेची होती, कारण तो शहराचा घात करत होता, त्याला अडवायलाच हवे होते. पण हरल्यानंतर तो कोणाचा घात करणार होता? पुढचे फेकणे शहरासाठी नव्हते, ते बॅटमॅनच्या स्वतःच्या मनासाठी होते. या कथेत जोकरने त्याच्या आईवडिलांना मारलेले असते. अडवणे आणि उट्टे काढणे ही दोन कामे एकाच हाताने, एका क्षणाच्या अंतराने झाली. म्हणून लहानपणी आम्हांला ती एकच वाटली.

गंमत अशी की, बॅटमॅनची मूळ गोष्ट हा फरक जाणते. 1939 साली कॉमिक्समध्ये तो प्रथम आला तेव्हा त्याच्या हातून गुंड मरत. पण लवकरच असे ठरले की हा वीर जीव घेणार नाही. तो गुन्हेगाराला पकडून कायद्याच्या हवाली करील. त्याचे मोठेपण पुढे या नियमावरच उभे राहिले. गेमच्या शेवटाने तो नियम मोडला. ज्या चित्रपटावरून हा गेम निघाला, त्यात बॅटमॅन आणि जोकर एकमेकांना म्हणतात की तूच मला असा घडवलास. दोघांचेही खरे असते. एकाने दुसऱ्याला अनाथ केले, दुसऱ्यामुळे पहिला रसायनाच्या पिंपात पडून विद्रूप झाला.

भावकीच्या कोणत्याही भांडणात हेच ऐकू येते. सुरुवात त्याने केली. त्याने का केली? त्याच्या वडिलांना आपल्या वडिलांनी छळले म्हणून. त्यांनी का छळले? असे मागे मागे गेले तर शेवटी कोणीच सापडत नाही. हिशेब मागच्या टोकाला मिटत नाही. मिटला तर तो पुढच्या टोकाला, कोणीतरी हातातले सोडून दिल्यावर मिटतो.

कोणी विचारील, मग अन्याय मुकाट सोसायचा का? नाही. माझी वाट अडवली गेली हा अन्यायच आहे. त्यासाठी कायदा आहे. 1906 च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाप्रमाणे शेताच्या अडवलेल्या वाटेसाठी तहसीलदारांकडे दाद मागता येते. तशी ती मी मागितली आहे आणि ती मागे घेणार नाही. ते अडवणे आहे. पण खणातल्या त्या कागदाने माझी वाट मोकळी होणार नव्हती. त्याने एवढेच होणार होते की दादाचे रान वाळेल आणि मी बघेन. ते मनोऱ्यावरून फेकणे होते. मी दोन महिने त्याला काठावर धरून उभा होतो आणि स्वतःला सांगत होतो की मी न्याय करतोय.

गेममध्ये शत्रू खाली पडला की गोष्ट संपते, पडदा काळा होतो. आपल्या तालुक्यात तसे होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बांधावर तोच माणूस भेटतो. कालव्याचे आवर्तन पुन्हा सुटते. त्याची मुले आणि आपली मुले एकाच एसटीत चढतात. खाली फेकलेला माणूस आपल्या शेजारीच राहतो, आणि त्याच्या मुलाला आपण एक गोष्ट देऊन ठेवतो, ‘सुरुवात त्यांनी केली’ ही.

गेल्या आठवड्यात मी त्या कागदावर सही केली. नातेवाइकाकडे न देता स्वतः घेऊन गेलो. फार काही घडले नाही. दादाने कागद घेतला, घडी न मोडता खिशात ठेवला. वाटेचा विषय निघाला नाही. वहिनीने चहा दिला. निघताना मी त्याला म्हणालो, “पोराकडं तो बॅटमॅनचा गेम आहे.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “भिंतीवरनं चढतो का त्याला?”

वाचकहो, आम्ही अजून भांडतो आहोत. तारीख पुढच्या महिन्यात आहे. परंतु तुमच्या कपाटाच्या खणात असा एखादा कागद पडला असेल, तर तो या आठवड्यात एकदा बाहेर काढून पाहा. आपण कोणाला अडवतो आहोत की काठावर धरून उभे आहोत, एवढे तरी स्वतःला विचारू या.