एकाच विजेत्याचा प्रश्न

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना 1906 मध्ये उभी राहिली, ती फुटबॉलच्या मैदानावरील मृत्यूंना आळा घालण्यासाठी. देशात सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवणारी तिची पहिली स्पर्धा, म्हणजे मैदानी खेळांचे राष्ट्रीय अजिंक्यपद, थेट 1921 मध्ये शिकागोच्या स्टॅग फील्डवर झाली आणि इलिनॉय विद्यापीठाने ती जिंकली. हे मैदान ज्यांच्या नावाचे होते, त्या अमोस अलोन्झो स्टॅग यांनी येलमध्ये धर्मोपदेशक होण्यासाठी शिक्षण घेतले होते, पण पुढे खेळाडू घडवणे हीच त्यांनी आपली धर्मसेवा मानली. त्यामागे ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ होती. शरीर कमावणे हा शील कमावण्याचाच मार्ग आहे, असे मानणारी ही विचारधारा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये रुजली होती.

या विचारधारेला संत पौलाच्या पत्रांचा आधार वाटे, पण अडचणही तिथेच आहे. करिंथ येथील मंडळीला लिहिताना पौल शर्यतीचा दाखला देतो: धावतात सगळे, बक्षीस मात्र एकालाच मिळते. तो दाखला झटून धावण्यापुरताच आहे, कारण श्रद्धावंतांना मिळणारा अविनाशी मुकुट एकाला लाभला म्हणून दुसऱ्याचा हुकत नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद मात्र इतरांचे हुकल्याशिवाय कोणालाच मिळत नाही. जिंकण्याची इच्छा नसेल तर झटणे खोटे ठरेल, हा बचाव सामन्यापुरता खरा आहे. संपूर्ण देशाची क्रमवारी लावण्याची गरज त्यातून सिद्ध होत नाही.

बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ हेही धर्मशास्त्राचेच विद्यार्थी. कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक असताना त्यांच्या संघाच्या वाट्याला विजयांपेक्षा पराभवच अधिक आले आणि त्याची त्यांना फारशी खंत नव्हती, कारण हा खेळ खेळण्यासाठी आहे, प्रशिक्षकाने शिकवण्यासाठी नाही, असे त्यांचे मत होते. त्याच खेळाची, राष्ट्रीय संघटनेच्या नावाने ओळखली जाणारी पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1939 मध्ये झाली, ती प्रशिक्षकांच्याच संघटनेच्या पुढाकाराने. अंतिम सामन्यात ओरेगॉनने ओहायो स्टेटला 46–33 असे हरवले, स्पर्धेला तोटा झाला आणि राष्ट्रीय संघटनेने तो भरून स्पर्धा आपल्याकडे घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठाने, अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या आग्रहावरून, स्टॅग यांनी चार दशके घडवलेला आपला फुटबॉल संघ बंद केला.