भाकरी कोणी थापावी?

घरचे जेवण चांगले की बाहेरचे, या प्रश्नावर आपल्या कुटुंबांत क्वचितच दुमत आढळते. घरचेच चांगले, असे सारेच म्हणतात. तथापि ते घरी रांधायचे कोणी, असे विचारताच संभाषण थांबते. आमच्या मते नैतिक प्रश्न या दुसऱ्या वाक्यात आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पहिले उत्तर अपुरे राहते.

जालना शहरात आज पती-पत्नी दोघेही नोकरी करतात अशी घरे पुष्कळ आहेत. कोणी बियाण्यांच्या कंपनीत, कोणी औद्योगिक वसाहतीत, कोणी शाळेत वा दवाखान्यात. सायंकाळी दमून परतल्यावर कोपऱ्यावरून पोळीभाजी येते किंवा मुलांच्या हाती दोन मिनिटांच्या शेवयांचे पाकीट पडते. याला आम्ही पाप म्हणत नाही. पोळीभाजी विकणारी भगिनी आपल्या कष्टाचे मोल घेते आणि त्यावर तिचे घर चालते. विकतच्या अन्नात अप्रामाणिक असे काहीच नाही. मग डाळ निवडण्यापासून सारे घरी करावे, हा आग्रह कशासाठी?

त्याचे कारण केवळ चवीत नाही, ते लक्ष देण्यात आहे. रांधणाऱ्याला जेवणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. दात पडलेल्या आजोबांना वरणात कुस्करता येईल अशी भाकरी हवी, मधुमेह असलेल्या मावशीच्या ताटात भात बेताचाच हवा, तापातून उठलेल्या लेकराला तिखट चालायचे नाही. पाकिटावर छापलेल्या कृतीला यांपैकी कोणीच ठाऊक नसते. शिवाय जो रांधतो त्याला अन्नाचे मोल कळते. आपल्याच जिल्ह्यात बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बीडीएन ७११ सारखे तुरीचे वाण दिले. तीच तूर डाळ होऊन मऊ शिजायला किती वेळ आणि किती इंधन लागते, हे मात्र तुरीच्या शिवारात वाढलेल्या अनेक तरुणांना सांगता येणार नाही. ताटात टाकून दिलेल्या घासाची खंत त्यांना वाटावी तरी कशी?

येथवर कोणीही मान डोलावील. परंतु घरच्या स्वयंपाकाची थोरवी गाणाऱ्याने ऊसतोडीच्या फडाकडेही एकदा पाहिले पाहिजे. दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून कित्येक कुटुंबे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पहाट होण्यापूर्वी कोपीसमोरची चूल पेटते. दिवसभराच्या भाकरी थापते ती बाई, आणि मग पुरुषाच्या बरोबरीने ऊस तोडून मोळ्या वाहते तीही बाईच. सायंकाळी परतल्यावर पुन्हा चूल तिचीच. त्या भाकरीत पिठापाण्यावाचून काही मिसळलेले नसते. तिच्याइतके शुद्ध घरचे अन्न कोणते? पण ज्या व्यवस्थेत ती भाकरी भाजली जाते, तिला न्याय्य म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

आणि हे केवळ फडावरच घडते असे नाही. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के, तर पुरुषांत २६.१ टक्के आढळले. हे काम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जात होता, पुरुषाचा ९७ मिनिटे. तेव्हा ‘घरीच रांधा’ हा उपदेश निर्दोष वाटला, तरी तो करण्यापूर्वी त्याचे ओझे कोणाच्या पाठीवर पडणार आहे, हे पाहणे हे उपदेशकाचे कर्तव्य ठरते.

काम वाटून घेण्याचा विचार काही नवा नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचे पस्तिसावे प्रकरण स्वयंपाकघराविषयी आहे. आजारी किंवा मठाच्या महत्त्वाच्या कामात गुंतलेला बंधू वगळता कोणालाही या सेवेतून सूट नाही. प्रत्येकाने आठवडाभर पाळी घ्यायची. जे अशक्त असतील त्यांना मदतनीस द्यावा, म्हणजे ते खिन्न मनाने काम करणार नाहीत. शनिवारी पाळी संपविणाऱ्याने साफसफाई करून भांडी स्वच्छ व धड स्थितीत परत करायची. ते सारे पुरुषच होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चूल ही एका विशिष्ट व्यक्तीची प्रकृती नसून सर्वांची पाळी आहे, हे त्यांना चौदा-पंधरा शतकांपूर्वी उमगले होते.

म्हणून ज्या कुटुंबाला नव्याने आरंभ करावयाचा आहे त्याने नवी भांडी आणण्याआधी कामाची वाटणी करावी. आठवड्यातील एकच सायंकाळ निवडावी. पहिल्या दिवशी वरण-भात पुरे, पुढे पिठले जमेल. ज्वारीची भाकरी नंतर शिकावी, कारण तिच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ ताजे दळलेले घ्यावे. जुन्या पिठाची विरी जाते आणि थापताना भाकरी चिरते. नवशिक्याने उकळते पाणी घालून पीठ मळले तर ते चांगले धरते. एकाने दळण आणावे, एकाने निवडावे-चिरावे, एकाने शिजवावे, एकाने भांडी घासावीत. आणि पुढच्या आठवड्यात पाळ्या बदलाव्यात. भांडी घासणे हाही स्वयंपाकाचाच भाग आहे, हे मुलग्यांना आवर्जून सांगावे.

येथे दोन अडचणी येतात. पहिली शब्दाची. मुलगा किंवा नवरा ‘मदत करतो’ असे आपण कौतुकाने म्हणतो. मदत दुसऱ्याच्या कामात केली जाते. म्हणजे ते काम मुळात कोणाचे, हे त्या शब्दानेच ठरवून टाकलेले असते. दुसरी अडचण मातांची आणि सासूबाईंची. भाकरी वेडीवाकडी होताना पाहून त्यांना राहवत नाही, आणि ‘सर, मी करते’ म्हणून त्या काठवट ओढून घेतात. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु त्या क्षणी शिकणारा सुटतो आणि त्या स्वतः पुन्हा अडकतात. त्यांनी शेजारी पाट घेऊन बसावे, विचारले तेवढे सांगावे, आणि हात आवरावा.

आरंभीचे काही आठवडे वरण पातळ होईल, भाकरीला पापुद्रा सुटणार नाही. ते अन्न सर्वांनी एकत्र बसून, कुरकुर न करता जेवावे. ज्यांना असे जमणार नाही, ज्या घरी आजारपण आहे किंवा कमावते माणूस एकटेच आहे, त्यांनी कोपऱ्यावरून पोळीभाजी निःसंकोच आणावी. त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू नये. मात्र ज्या घरात चार धडधाकट हात रिकामे आहेत आणि चुलीपुढे रोज एकच पाठ वाकलेली आहे, त्या घराने आपल्या ‘घरच्या जेवणा’चा अभिमान बाळगण्यापूर्वी येत्या आठवड्याची पहिली पाळी कोणाची, हे ठरवावे.